खाला चहा नको म्हणाली

त्या दिवशी नेमकं हरवलं कोण होतं, हे मला अजून धड सांगता येत नाही. कुणी विचारलं की मीच गोंधळतो.

आम्ही तिघं केजचे. मी खत-बियाण्यांचा दुकानदार, एक गुरुजी आणि एक गॅरेजवाला. वेड मूळचं गॅरेजवाल्याचं. पुण्याकडं जाऊन पॅराग्लायडिंग तो आधी शिकला, मग आम्हाला ओढलं. केजात त्या उडायच्या कापडाला सगळे छत्रीच म्हणतात. "छत्री घेऊन कुठं निघालाव बे, पाऊस तर न्हाई," असं स्टँडवर हटकून कुणीतरी विचारायचं. हात बसल्यावर आम्ही थेट नेपाळला गेलो. एका डोंगरावरून उडायचं, तापलेली हवा वर चढते तिच्यात गिरक्या घेत उंची कमवायची आणि पुढचा डोंगर गाठायचा. जिथं उतरू ते गाव आपलं.

गॅरेजवाल्याच्या आईनं, म्हणजे आमच्या खालानं, निघताना बजावलं होतं. "उतरलं की फोन. तोवर मी भाकरीला हात लावणार न्हाई." आमच्याकडं माणूस परगावी गेला की पोचल्याचा फोन लागतोच, हिनं त्याचा उतरल्याचा फोन केला. आमचे नेपाळच्या सिमचे नंबरही मागून घेतले. तो रोज उतरला रे उतरला की छत्री गोळा करायच्या आधी तिला फोन लावायचा. आम्ही लई चिडवायचो त्याला.

एका दुपारी तो आमच्या बराच पुढं होता. समोरच्या खिंडीवर ढग आला. गुरुजी आणि मी घाबरून खाली बटाट्याच्या शेतात उतरलो. ढग सरला तर आभाळात तो नाही. वॉकीटॉकीवर हाका मारल्या, नुसती खरखर. मोबाइल बंद.

"पलीकडं गेला असंल," गुरुजी म्हणाला.

"पलीकडं म्हणजे कुठं?"

"मला काय विचारतोस बे? मी गणित शिकवतो, भूगोल न्हाई."

असा संताप आला मला! शेतवाल्याला खाणाखुणांनी विचारलं. त्यानं डावीकडं हात केला, त्याच्या बायकोनं उजवीकडं. आम्ही थोडं डावीकडं पळालो, थोडं उजवीकडं, आणि पुन्हा त्याच बांधावर आलो. काय करावं, काही सुचेना.

तेवढ्यात माझा फोन वाजला. खाला.

आता हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. आमच्यात मेल्याची बातमी फोनवर कुणी सांगत नाही. "तब्येत जरा जास्त हाय, निघा," एवढंच म्हणायचं. ऐकणारा काय ते समजतो आणि मिळेल ती जीप धरतो. मग खालाला सांगायचं काय? 'सापडंना' म्हटलं तरी ती तेच समजणार, 'येईल इतक्यात' म्हटलं तरी तेच. बरं, उतरला म्हणून खोटं सांगावं तर ती जेवून घेईल. आणि खरंच काही झालं असलं तर? तो घास तिला जन्मभर पचायचा नाही.

"उचल की," गुरुजी म्हणाला.

"तूच उचल."

फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मग गुरुजीचा वाजला. आम्ही दोघं बावळट आपापला फोन हातात धरून ढेकळांवर बसलो. गुरुजी रडायला लागला. त्याला गप करता करता मीही रडलो.

उन्हं कलली तरी फोन थांबेनात. शेवटी सहन होईना म्हणून मी उचलला. "खाला," एवढंच म्हणालो.

"आरं कुठं मेलात रे दोघं!" खाला कडाडली. "कवापासून फोन लावू लागले! त्यो कवाच उतरलाय, डोंगराच्या तिकडल्या अंगाला. मोबाइल वरूनच पडला म्हणतो. कुण्या मेंढरंवाल्याच्या फोनवरून बोलला."

"मग आमाला कावून न्हाई लावला?"

"तुमचे तिकडचे नवे नंबर त्याला पाठ हाईत व्हय? माझा ह्योच एक पाठ हाय, गॅरेजच्या पाटीवर त्यानंच रंगवलेला. ते जाऊ दे. तुमी उतरलाव ना? हातपाय धड हाईत?"

"हाईत."

तिनं फोन ठेवून दिला. मला कळेचना की हसावं का गुरुजीला एक ठेवून द्यावी.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला भाजीच्या जीपवर बसून आला. आल्या आल्या विचारतो, "माझा मोबाइल दिसला का बे कुठं?" आम्ही त्याला आधी मिठी मारली, मग झोडपला.

केजला आल्यावर बायकोला सगळं सांगत होतो, तर ती मधेच म्हणाली, "त्या दुपारी खाला आपल्याकडं आलती."

"कावून?"

"काय की. मीबी विचारलं, तर आशीच आले म्हणाली. चहा नको, पानीबी नको. पोरीला पुढ्यात घेऊन बसली. तिची वेणी घालायची, सोडायची, परत घालायची. मधीच उठून फोन लावायची, परत येऊन बसायची. मला वाटलं, सुनेशी कायतरी बिनसलं असंल. मग शेवटी अंगणात जाऊन कुणावर तरी लई ओरडली. आत आली ती डोळे पुसतच."

"मग?"

"मग म्हणाली, आता टाक चहा. अन् भाकर असली तर दे."