महादूचे हात

महादू गेल्याचं मला कराडच्या एस.टी. स्टँडवर कळलं. पोटाच्या दुखण्याने तो पंधरा दिवस सांगलीला दवाखान्यात पडून होता, आणि मी मोसंब्यांची पिशवी घेऊन सांगलीच्या गाडीची वाट बघत होतो. तिकडून आलेल्या गाडीतून त्याचा मेहुणा उतरला. मला बघून थांबला. म्हणाला, “आता कुटं जाताय, कंपाउंडर... दाजी सकाळीच गेलं. मागनं टेंपोतनं आणत्यात.” मी बाकावर बसलो. रडू आलं नाही. मनात पहिला विचार आला तो लिहितानाही लाज वाटते. आता सांगायची गरज उरली नाही, असं मला वाटलं, आणि क्षणभर बरं वाटलं. कारण त्या दिवशी मी त्याला एक गोष्ट सांगायची ठरवून निघालो होतो. सात वर्षांत तसं मी कितीतरी वेळा ठरवलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा त्याच्याकडे जायचो आणि उसाचं, पावसापाण्याचं बोलून परत यायचो.

महादू फाउंटन पेनं बनवायचा. शाळेत आम्ही एका बाकावर. तो पुढे पुण्याला जाऊन लेथवरचं काम शिकून आला आणि मलकापुरात रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या खोलीत त्याने स्वतःचं लेथ बसवलं. मी कराडला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. दवाखाना बंद झाला की सायकल काढायची आणि त्याच्या खोलीवर जाऊन बसायचं, हा माझा नेम. काळ्या एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, कांडी लेथवर फिरायला लागली की रबर जळाल्यासारखा वास सुटायचा, पट्टीसारखा कीस पायाशी पडायचा. मग पाण्याचा पॉलिश कागद, मग कापडी चाक आणि पॉलिशचा साबण. सगळं झालं की महादू डोळे मिटून उघडा अंगठा पेनावरून टोपणाकडून खाली फिरवायचा. कुठे केसाएवढा उंचवटा राहिला असेल तर अंगठा थांबायचा. “डोळं फशीवत्यात रं,” म्हणायचा, “ह्यो कवा फशीवत न्हाई.” मला तो ‘डाक्टर’ म्हणायचा, चारचौघांत मुद्दाम मोठ्याने.

मला त्याच्या कामात हात घालायची हौस होती. पण कसब नसल्याने त्याने मला एकच काम दिलं होतं, टोपणाच्या आट्यांत अडकलेला साबण ब्रशने काढायचा. ते फार वेळखाऊ. मी शहाणपणा केला. दवाखान्यातून स्पिरिटची छोटी बाटली आणू लागलो. बोळा फिरवला की साबण निघून जाई. बाटली मी न विचारता आणत होतो, हेही सांगून टाकतो. काळ्या पेनांना त्याने कधी काही झालं नाही आणि महादूही माझ्यावर खूष होता.

सत्तर सालच्या सुमारास मुंबईहून अॅक्रिलिकच्या रंगीत कांड्या मिळू लागल्या. डाळिंबी, हिरव्या, मधाच्या रंगाच्या. महादूने त्या खिडकीशी धरून अर्धा दिवस नुसत्या बघितल्या. तोवर बॉलपेनं आली होती, काळी पेनं कुणी घेईना. ह्या कांड्यांवर त्याने सगळी आशा ठेवली. सांगलीच्या एका मोठ्या दुकानदाराने दोन डझन मागवली. महिनाभर खपून त्याने ती केली आणि मी नेहमीसारखी प्रत्येकावरून स्पिरिटचा बोळा फिरवला. इतकी सुंदर पेनं मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

दुकानदाराने पंधरा दिवसांत खोकं परत आणलं. आम्ही दोघेही खोलीत होतो. प्रत्येक टोपणाला आट्यांपासून वर केसासारखे बारीक तडे गेले होते. दुकानदार माणूस वाईट नव्हता. सहज म्हणाला, “एकेकाचा घाम कडक असतोय महादबा. चांदी काळी पडती हातात. तसं असंल तुमचं.” तो गेल्यावर महादू बराच वेळ स्वतःचे तळवे उलटसुलट करून बघत बसला. मला तेव्हा खरोखर काही माहीत नव्हतं. मी म्हणालो, “आसंल बाबा, कुनाला काय कळतंय.”

पुढे दोन-तीन महिन्यांत कळलं. डॉक्टरांनी टेबलावर ठेवायला अॅक्रिलिकची नावाची पाटी करून आणली होती. मी ती स्पिरिटने पुसली आणि चार दिवसांत तिच्या कडेला तसेच तडे दिसले. पाटीवाला मला हसून म्हणाला, “आवं, ह्याला स्पिरिट लावत्यात व्हय?” म्हणजे पेनं माझ्या बोळ्याने तडकली होती. सायकल काढून सरळ मलकापूर गाठायला हवं होतं. पण बाटली कुठून आली हे निघालं असतं, नोकरीवर आलं असतं, आणि खरं म्हणजे महादूच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. मी फक्त स्पिरिट नेणं बंद केलं. महादूला म्हटलं, डॉक्टर आता बाटली मोजतात. त्याच सुमारास महादूने जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून दोन्ही तळव्यांना अंगठ्यासकट गुंडाळल्या आणि पुन्हा अॅक्रिलिकला हात घातला. ह्या वेळी एकही टोपण तडकलं नाही. तडकणार कसं? त्याने मला बोलावून दाखवलं. “बग डाक्टर, घामच व्हता का न्हाई?”

मी म्हणालो, “व्हय.”

त्या एका शब्दावर तो उरलेलं आयुष्य फडकी गुंडाळून काम करत राहिला. पेनं तडकत नव्हती, पण फडक्यातून अंगठ्याला काही कळेना. पेनाच्या घाटात कुठेतरी कसर राहू लागली. गिऱ्हाईक पेन हातात घेई, फिरवून बघे आणि खाली ठेवी. “हात बहिरं झालं बग माझं,” एकदा म्हणाला. आणि फिरत्या लेथजवळ फडकं हे जिवाशी खेळणं असतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. एका दुपारी पट्टीचं टोक कांडीबरोबर गुंडाळलं गेलं आणि उजव्या हाताची तर्जनी अर्ध्यातून गेली. त्याला टांग्यातून आमच्याच दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी टाके घातले, आणि नंतर रोज मी त्याचं ड्रेसिंग करत होतो. टाक्यांच्या कडेने स्पिरिटचा बोळा फिरवला की कळवळायचा. “लय झोंबतंय रं तुजं औशद.” दवाखान्यात आम्ही दोघेच असायचो. दहा दिवस मी त्याचा हात हातात धरून बसलो आणि दहाही दिवस गप्प राहिलो...

महादूचे दिवस झाल्यावर, मागच्या आठवड्यात मलकापूरला गेलो. हौसावहिनी, महादूची बायको, राहिलेली सात-आठ पेनं कापडी चाकावर पॉलिश करत होत्या. दोन्ही तळव्यांना महादूच्याच पट्ट्या. मी चाक बंद करायला सांगितलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, “त्यांचं बोट गेलं तवा तुमास्नी ठावं व्हतं, भावजी?”

“व्हय, वहिनी.”

त्यांनी पट्ट्या सोडल्या. खुंटीवर वाळत घातलेल्या बाकीच्याही काढल्या, सगळ्यांची नीट घडी घातली. “रोज धुतल्यात म्या ह्या. सात वर्सं. त्ये म्हनायचं, माझा घाम लय वंगाळ हाय, गरम पान्यात घाल.” घडी माझ्या पिशवीत ठेवली. चहाचं विचारलं नाही. मी दारातून बाहेर पडलो तेव्हा मागे पुन्हा चाक सुरू झालेलं ऐकू आलं.

त्या पट्ट्या माझ्या घरी कपाटात आहेत. धुवून धुवून मऊ झाल्या आहेत, महादूचा म्हणावा असा वासही त्यांना नाही. काल दुपारी घरात कुणी नसताना एक काढली आणि उजव्या हाताला अंगठ्यासकट गुंडाळली. डोळे मिटले आणि टेबलावरच्या पेनावरून वरून खाली अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. काहीच कळत नाही.