डोळा सरळच होता

"तुझा हात गेला," असं मी माझ्या थोरल्या बहिणीला तोंडावर म्हणालो. ते खोटं होतं. खोटं आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला फक्त एक पेटी उघडावी लागली असती, आणि ती मी उघडली नाही. माझी चूक ती. बाकीचं सगळं त्यानंतर आलं.

पेणला आमचा गणपतींचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. मूर्ती मी करतो, रंग बायको आणि दोन-तीन बाया देतात, आणि डोळ्यांची आखणी बहीण करायची. तिला रोह्याला दिलेली. हंगामात सकाळच्या एसटीने यायची, संध्याकाळी परत जायची. आखणी वडिलांनी तिला शिकवली, मला नाही. माझा हात त्यांना जड वाटायचा. डोळे सगळ्यात शेवटी काढतात. तोवर मूर्ती म्हणजे रंगवलेली माती. बुबुळ टेकलं की शेडमधली माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. मी दिवा धरून उभा असायचो आणि ती पुटपुटायची, "श्वास आवर रे, म्हशीसारखा फुसफुसू नको. देव दचकंल."

"देव नाय दचकत. तू दचकतेस."

"मी दचकले तर देव तिरळा व्हईल. मग तूच बस त्याला घरात घेऊन."

आम्ही हसायचो.

परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात, म्हणून होळीच्या सुमारासच पेटीत बसतात. आमच्या घरची रीत अशी, की डोळे काढलेली मूर्ती भुशात ठेवून पेटीला खिळे मारले की आपण ती पुन्हा उघडायची नाही. गिऱ्हाइकानेच उघडायची. वडील म्हणायचे, निजवलेल्या देवाला उठवू नये. म्हणून मी खिळे मारण्याआधी फोटो काढतो, घरच्या कॉम्प्युटरवर घेतो, लहान करून गिऱ्हाइकाला पाठवतो आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकतो.

त्या वर्षी दुबईच्या गिऱ्हाइकाचा निरोप आला. मूर्ती सुरेख आहे, पण उजवा डोळा जरा तिरळा वाटतो का? मी फोटो उघडला. खरंच. एक डोळा समोर बघत होता, दुसऱ्याचं बुबुळ किंचित बाहेर सरकलेलं. मी मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. मूर्ती माझ्याकडे बघत होती आणि त्याच वेळी माझ्या खांद्यामागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघत होती. मी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत.

पेटी तेव्हा ओटीवरच होती. टेम्पो संध्याकाळी यायचा होता. मी रीत आठवली, आणि खरं सांगायचं तर रीतीच्या आड लपलो. डोळा तिरळा निघाला असता तर तो पुसून पुन्हा काढेपर्यंत टेम्पो निघून गेला असता. गिऱ्हाइकाला कळवलं, फोटोमुळे तसं वाटतंय, मूर्ती ठीक आहे. पेटी गेली. परक्या माणसाला मी जे थाप म्हणून सांगितलं, तेच खरं होतं. बहिणीला जे खरं म्हणून सांगितलं, ती थाप होती.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा बाया रंगाला बसल्या होत्या. त्यांच्यादेखतच मी म्हणालो, "ताई, आता राहू दे. तुझा हात गेला." आणि तिला घरात नेऊन फोटो दाखवला.

ती पडद्याशी वाकली. "हे मी असं काढलं?"

"फोटो काय खोटं बोलतो?"

तिने कुंचले धुतले, फडक्यात गुंडाळले आणि दुपारच्या आतच गेली. बायको म्हणाली, "अहो, पेटी तरी उघडून बघायचीत." मी म्हणालो, "तू तुझ्या रंगाचं बघ."

बोट पोचल्यावर पेटीतून काढलेल्या मूर्तीचा फोटो दुबईहून आला. दोन्ही डोळे सरळ. मला वाटलं, तिथे कुणाकडून तरी दुरुस्त करून घेतले असतील. विचारलं नाही.

आषाढात गडबहून दुसरा आखणीवाला आणला. त्याचं काम झालेल्या मूर्तींचे फोटो मी एका दुपारी कॉम्प्युटरवर घेतले. बाहेर इतकं भरून आलं होतं की घरात दिवा लावावा लागला. एका फोटोत उजवा डोळा तिरळा होता.

मी शेडमध्ये गेलो. मूर्ती पाहिली. डोळा सरळ. परत आलो. पडद्यावर तिरळा. पुन्हा गेलो. सरळ. पुन्हा आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मूर्तींच्या समोरून जायचा धीर झाला नाही; भिंतीला अंग घासत गेलो. मागे रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्तींची रांग होती. त्यांना डोळेच नव्हते, तरी त्या रांगेला माझं येणं-जाणं कळतंय असं वाटत होतं. पत्र्यावर पाऊस नव्हता, वारा नव्हता. बहिणीचं हसण्यातलं बोलणं त्या शेडमध्ये कुणीतरी जपून ठेवलं होतं आणि आता मला परत देत होतं. मग तूच बस त्याला घरात घेऊन.

घरात येऊन मी तिचा जुना फोटो उघडला. का, ते सांगता येत नाही. त्यात ती कुंचला धरून मूर्तीसमोर बसली आहे. उघडला तर तिचा हात मनगटापासून तुटून बाजूला सरकला होता. बोटं, कुंचला सगळं हवेत. मी मशीन बंद केलं. पुन्हा चालू करून तोच फोटो उघडला. हात जागेवर होता. या वेळी चेहरा डोळ्यांखाली चिरला गेला होता आणि ओठ कानाच्या रेषेत गेले होते. मी पडद्यावर टॉवेल टाकला आणि बायकोला हाक मारली.

ती बघून म्हणाली, "भटजींना बोलवायचंय का?"

"थट्टा नको."

"थट्टा नाय. एकच फोटो दरवेळी वेगळा दिसतो, तर बिघडलंय कोण? ताई, की तुमचा हा डबा?"

हा डबा त्या महिन्यात मधेच निळा होऊन बंदही पडायचा. मी त्याचा दोष विजेला दिला होता. आता मात्र खुर्ची ओढून बसलो. मोबाइलवर वाचलं, चाचपडत शिकलो. कॉम्प्युटर काम करताना ज्या पट्टीवर सगळं तात्पुरतं मांडून ठेवतो, ती रॅम खराब असली तर त्यावरून जाणारी कुठलीही गोष्ट वाटेत बदलू शकते. डिस्कवरचा चांगला फोटो उघडतानाच मोडतो. आणि कॅमेऱ्यातून घेताना मोडला, तर मोडलेलाच साठवला जातो.

आमच्या मशीनमध्ये अशा दोन पट्ट्या होत्या. काढल्या. खाडीच्या हवेने त्यांचे खाचेत बसणारे सोनेरी दात काळवंडले होते. मुलीच्या खोडरबरने घासले, परत बसवल्या. फरक नाही. मग पेनड्राइव्हवरून तपासणीचा प्रोग्रॅम चालवला, एका वेळी एकच पट्टी ठेवून. पहिली पट्टी शेवटपर्यंत स्वच्छ. दुसरी लावली आणि थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर चूक सापडल्याची एक लाल ओळ उमटली. तिच्याखाली दुसरी. मग पडदा भरून ओळी घसरू लागल्या. पट्टी दुसऱ्या खाचेत घालून पाहिली. तिथेही लाल. हा आकड्यांचा कोरडा कार्यक्रम, पण मला त्या ओळी माझ्याच चुकांखाली ओढलेल्या वाटत होत्या.

चांगली पट्टी ठेवून बहिणीचा फोटो उघडला. ती अख्खी होती. कितीही वेळा उघडा, अख्खी. दुबईच्या मूर्तीचा फोटो मात्र तिरळाच राहिला. तो तसाच साठवला गेला होता. पण या वेळी मी डोळ्यावरून नजर काढली. मूर्तीच्या मागे शेडच्या दाराची उभी चौकट होती. बरोबर डोळ्याच्या उंचीवर ती तुटून बाजूला सरकली होती, आणि डोळ्यापासून चौकटीपर्यंत एक फिकट जांभळट पट्टा गेला होता. ती चौकट माझ्या बहिणीने आखली नव्हती. ती तिथे पहिल्या दिवसापासून तुटलेली होती आणि मी फक्त डोळा पाहिला होता.

तो फोटो छापून घेऊन मी रोह्याला गेलो. बस नागोठण्याला थांबली तेव्हा उतरून परत फिरावं, असं मनात आलं. बहीण पडवीत भिजवलेले वाल सोलत बसली होती. "आलास? बस. चहा ठेवते," म्हणाली, पण उठली नाही. मी फोटो पुढे केला. चौकट दाखवली, जांभळा पट्टा दाखवला, रॅमचं समजावलं, लाल ओळींचं सांगितलं. बराच वेळ बोललो. तिने सगळं ऐकलं.

"म्हंजे मशीनचा हात गेला म्हण की."

"व्हय."

"मग त्याला पण चार लोकांत सांगितलंस का, घरी बस म्हणून?"

ती हसली. मी हसू शकलो नाही. मग तिने वालाचं पाणी लागलेला उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती.

"तू बोललास ना, त्यानंतर हा खरंच कापाया लागला. रांगोळीचा ठिपका पण जागेवर पडत नाय. याचं काय सांगितलं तुझ्या मशीनने?"

मी फोटोची घडी केली आणि खिशात घातली. तो आता दाखवायचा नव्हता. तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"मशीनने एक पट्टा सरकवला, ताई. पेटी मी उघडली नाही. दुबईला मूर्तीचे डोळे सरळ निघाले, तरी मी कुणाला विचारलं नाही. बायांसमोर मी बोललो. तुझा हात मशीनने नाही घालवला, मी घालवला. माझं चुकलं. मला माफ कर."