टोप्या उंचावण्याची सलामी

नाव: इवानागा त्सुतायो. वय: एकोणसत्तर. पद: नागासाकी धक्का परिसरातील शीतपदार्थ वितरण व्यवस्थेच्या ज्येष्ठ फिरत्या प्रतिनिधी. ओळखीची खूण: उजव्या हातात पितळी घंटा. शिडांच्या जहाजांच्या उत्सवातील उपस्थिती: अखंड. म्हणजे त्सुतायोबाई ढकलगाडीवर आइस्क्रीम विकतात. गिऱ्हाइकाचं तोंड समुद्राकडे असतं, त्यामुळे यांची पाठ. इतक्या वर्षांत एकही जहाज त्यांनी धड पाहिलेलं नाही.

यंदा उत्सवाच्या शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी गाडी मैत्रिणीच्या, फुसाएच्या, हवाली केली आणि स्वतः गर्दीत जाऊन उभ्या राहिल्या. नात हिनाको जहाजावर शिकाऊ खलाशी होती. ही तीच हिनाको, जी लहानपणी देवळाच्या पायऱ्या धावत चढायची आणि उतरताना खाली बघून मटकन बसायची. मग आजीने पाठीवर घेऊन उतरायचं. आमचं गाव सगळंच उतारावर, त्यामुळे हे रोजचंच.

काल संध्याकाळी गाडीपाशी आइस्क्रीम खाता खाता ती म्हणाली होती, "आजी, उद्या निघताना सलामीला मी डोलकाठीवर असणार."

"कुठे नेमकी?"

"सगळे सारखेच दिसतो गं वर. तुला ओळखूच येणार नाही." हे तिने जरा जास्तच आनंदाने सांगितलं.

पोर खरंच वर चढते, की आजीला बरं वाटावं म्हणून सांगते, एवढंच त्सुतायोबाईंना डोळ्यांनी बघायचं होतं. रात्री झोप लागली नव्हती.

सकाळी शिडं उघडून दाखवली. आडव्या काठ्यांवरून कापड सुटत गेलं, आवाज न करता, कुणी झोपेत कूस बदलावी तसं. डोंगरावरची घरं, गोदीतल्या क्रेन, ट्रामचे खांब, सगळं त्या पांढऱ्यामागे विरघळलं. वाऱ्याने शिडं जराशी फुगली आणि त्सुतायोबाईंना वाटलं, जहाज जागेवरच आहे, धक्काच हळूहळू निघालाय, आपल्याला घेऊन. असंच जावं थोडं, असंही वाटलं.

त्या पांढऱ्यात पांढऱ्या कपड्यांची माणसं मिठाच्या दाण्यांसारखी विखुरलेली. त्यांतल्या एका दाण्याला त्यांनी जोरजोरात हात केला. दाण्याने तिथूनच, तेवढ्या उंचीवरून, कमरेत वाकून नमस्कार केला.

"ही नव्हे," त्सुतायोबाई म्हणाल्या. "आमचीला एवढी रीत नाही."

दुपारी फुसाए गाडी सोडून आली. गळ्यात नवऱ्याची दुर्बीण.

"अगं, तुझी गिऱ्हाइकं विचारतायत, आज्जी गेल्या का?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, गेली नाही, समुद्र बघायला गेलीय. कुणाचा विश्वास बसेना."

एवढ्यात जहाजाचे दोर सुटले. शिकाऊ मुलं एकामागून एक वर चढली, आडव्या काठ्यांवर ओळीने उभी राहिली. निघताना वरून टोप्या उंचावून ओरडायचं आणि काठावरच्यांनी हात हलवायचे, ही जुनी रीत.

"खुशाल असा!" वरून हाक आली. सगळ्या टोप्या हवेत गेल्या. खालच्या काठीवरची एक सोडून. तिथल्या मुलीने दोन्ही हातांनी दोर धरला होता.

"खुशाल असा!" पुन्हा टोप्या. पुन्हा ती एक सोडून.

"ते बघ, एक चिकटलंय गोंदासारखं!" फुसाए म्हणाली. आसपासची माणसं हसली. कुणीतरी ओरडलं, "टोपी काढ की, पोरी!"

"नको गं, हात सोडू नकोस," त्सुतायोबाई पुटपुटल्या.

फुसाएने दुर्बीण खाली घेतली. "तुमची?"

"आमची."

"अगं, घाबरलीय ती!"

"घाबरणारच. पण आहे कुठे, बघ की."

फुसाएने पाहिलं. मग दुर्बीण पुढे केली. त्सुतायोबाईंनी ती घेतली नाही. त्या दोन्ही हात हलवत होत्या. तिसरी हाक झाली. जहाज बंदराच्या तोंडाकडे सरकलं, ऊन विरळ झालं, आणि डोलकाठ्या डोंगरातल्या झाडांसारख्या दिसू लागल्या.

ध्वनिक्षेपकावरून जाहीर झालं की, सर्व प्रशिक्षणार्थींनी एकाच वेळी टोप्या उंचावून नागासाकीकरांचा शिस्तबद्ध निरोप घेतला आहे.

एक टोपी डोक्यावरच होती.