कपाळावर उगवलेलं पोट

माझ्या बायकोच्या मावशीला, म्हणजे माझ्या मावससासूबाईंना, माणसाच्या अंगावर आलेली पुटकुळी ही पुटकुळी वाटत नाही, ती त्याच्या आतून आलेली तक्रार वाटते. साऱ्या सुरतेत इतक्या आस्थेनं लोकांचे मुरूम पाहणारी दुसरी बाई नसेल. बोलताना ती तुमच्या डोळ्यांकडे बघतच नाही. आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटी अशी तिची नजर फिरते, आणि तुम्ही तिला दिवाळीचं फराळाचं आमंत्रण देत असलात तरी मध्येच ती विचारते, "पोट साफ होतं का?" आमच्या डिंडोलीच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या कितीतरी माणसांची तिच्याशी पहिली ओळख या प्रश्नानं झालेली आहे. त्यातली निम्मी पुढे तिला टाळू लागतात आणि उरलेली निम्मी तिच्याकडे तेल न्यायला येतात.

तेलाचं नंतर सांगतो. आधी तिचा नकाशा. कपाळावर पुळी आली की पोट बिघडलेलं, गालावर आली की पाणी कमी, हनुवटीवर आली की मनाला घोर लागलेला, पाठीवर आली की अंगात उष्णता. हे मला पाठ झालं होतं. मग एकदा नाकावर आली म्हणजे राग, असं तिनं सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात शेजारच्या गुजराती बेनच्या नाकावर आली तेव्हा ते यकृताचं निघालं. मी विचारलं, मावशी, मागच्या आठवड्यात तर राग होता. तर म्हणाली, त्या बाईला राग येतच नाही, मग यकृतच असणार. यावर काय बोलावं, तुम्हीच सांगा. मी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड तपासतो. ताग्यावर डाग दिसला की तो मशीनच्या तेलाचा, रंगाचा की पाण्याचा, हे मला सांगावं लागतं आणि त्यावर पगार मिळतो. पण मावशीच्या शास्त्रापुढे माझी मती गुंग होते. तिचं चुकतंय म्हणावं तर अधूनमधून बरोबर येतं, आणि बरोबर म्हणावं तर का बरोबर आलं ते तिलाही सांगता येत नाही.

एकदा शटल रिक्षात मी, मध्ये बायको आणि पलीकडे मावशी असे आम्ही मागे बसलो होतो आणि पुढे ड्रायव्हर. त्याच्या मानेवर दोन पुळ्या होत्या. उधना दरवाजा येईपर्यंत मावशीनं कशीबशी कळ काढली आणि मग आपल्या हिंदीत त्याला सांगितलं की तू रात्री फार उशिरा जेवतोस. त्या माणसानं रिक्षा बाजूला घेऊन तिच्याकडे अशा भक्तिभावानं पाहिलं की माझा अगदी जळफळाट झाला. अहो, सुरतेत रिक्षा चालवणारा कोण संध्याकाळी सातला जेवतो? पण त्यानं भाडं घेतलं नाही आणि मावशीच्या विद्येवर आणखी एक शिक्का बसला.

पुढे तिच्या हातात मोबाइल आला आणि घोळात घोळ वाढला. आईकडून आलेलं ज्ञान आणि व्हॉट्सअॅपवरून आलेलं ज्ञान यांची तिनं खिचडी केली. डावा गाल आणि उजवा गाल यांचे अर्थ वेगळे असतात हे तिला तिथेच कळलं. गुजराती बेननं आपल्या चेहऱ्याचा सेल्फी पाठवला, मावशीनं डाव्या गालावरून उपाय सांगितला, आणि बेननं बरेच दिवस कडुनिंबाचा रस नाक दाबून प्यायल्यावर लक्षात आलं की फोटो आरशासारखा उलटा होता आणि पुळी उजव्या गालावर होती. मावशी डगमगली नाही. म्हणाली, कडुनिंब वाया जात नाही, पुढं कामाला येतो.

माझ्यावर मात्र तिचे प्रयोग लांबूनच चालत. मी पडलो जावई. खानदेशातल्या जुन्या वळणाची बाई ती, जावयासमोर डोक्यावरून पदर घेणार, समोरासमोर बसणार नाही, त्याच्या अंगाला हात लावणं तर दूरच. त्यामुळे मी पाठमोरा असलो की ती माझी मान लांबून वाचायची आणि निकाल माझ्या बायकोला कळवायची. घरात पाणी पिताना बायको मध्येच म्हणायची, मावशी म्हणते तुमचं जागरण वाढलंय. आणि माझं टक्कल तर तिच्या जिवाला लागलं होतं. दर रविवारी माझ्यासाठी तेलाची वाटी यायची, पण बायकोच्या हाती.

आता तेल. शनिवारी मावशीच्या एका खोलीतून असा वास सुटायचा की गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी करणारेही मान वळवून बघत. लोखंडी कढईत खोबरेल, त्यात जास्वंदीची फुलं, माका, कढीपत्ता, मेथ्या आणि कांदा. मंद आचेवर ते काळंहिरवं होईपर्यंत ती कढईपुढून उठायची नाही. रविवारी गल्लीतल्या पोरी तिच्या ओट्यावर ओळीनं बसत, मराठी, गुजराती, उडिया, सगळ्या. ती एकेकीच्या डोक्यात तेल थापायची, थापायची म्हणजे अक्षरशः थापायची, आणि मग ते मुरावं म्हणून कपाळावरून घट्ट पट्टी बांधायची. ही पट्टी आमच्या मिलच्या फेंटची. ताग्यातून उरलेले तुकडे मीच तिला आणून द्यायचो, गुलाबी, मोरपंखी, कसलेही. सकाळपर्यंत ती पट्टी सोडायची नाही असा दंडक. सोमवारी आमच्या गल्लीतल्या पोरी एखाद्या मारामारीतून परत आल्यासारख्या दिसायच्या, पण केस मात्र खरोखर सुंदर. हे मला कबूल करावंच लागेल.

माझी मुलगी सोनल ही त्यातली तिची लाडकी. कॉलेज करता करता तिला रिंग रोडच्या मार्केटात एका साडीच्या दुकानात काम मिळालं. हल्ली साड्या फोनवरून विकतात. सोनलनं साडी खांद्यावर घेऊन फोनसमोर उभं राहायचं, पदर फिरवायचा, भाव सांगायचा. पोरगी हुशार, तीन भाषांत बोलते, शेठ खूश. आणि नेमकं तेव्हाच तिच्या कपाळावर पुटकुळ्यांची रांग उठली. मावशीनं हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे केलं आणि निदान केलं, "पोटनं काम से हाई." पोटाचं काम आहे हे.

झालं. लोचो बंद, खमण बंद, फरसाण बंद. सुरतचं जेवण आणि काशीचं मरण अशी म्हण ज्या गावात आहे, तिथे माझी पोरगी मुगाचं पाणी पिऊ लागली. कपाळ काही ऐकेना. मावशीला वाटलं, उष्णता डोक्यात चढली, म्हणून तिनं तेल वाढवलं आणि पट्टी जास्त घट्ट बांधली. पुळ्या वाढल्या. शेवटी शेठनं गोड शब्दांत सांगितलं, बेटा, थोडे दिवस पॅकिंगला बस. सोनल घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली.

मग आम्ही तिला चामडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटाची चौकशीसुद्धा केली नाही. कपाळ पाहिलं, केस पाहिले, आणि विचारलं, रात्रभर तेल लावून वर काही बांधता का? सोनलनं पर्समधून मोरपंखी पट्टी काढून दाखवली. बाईंनी ती चिमटीत धरली. म्हणाल्या, पॉलिएस्टर! घाम पीत नाही की तेल पीत नाही. रात्रभर सगळं कपाळावर दाबून बसतं. पुळ्या बरोबर पट्टीच्या रेषेत होत्या. जन्मभर डाग ओळखणारा मी, आणि माझ्याच मिलच्या कापडानं माझ्याच पोरीच्या कपाळावर पाडलेला डाग मला दिसला नाही. बाहेर पडल्यावर मला हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी हेच कळेना.

घरी मी म्हणालो, आज जाऊन मावशीला स्पष्ट सांगतो. बायकोनं मला दारातच अडवलं. "काकांचं विसरलात का?" एवढंच ती म्हणाली, आणि मी चपला काढून परत आत आलो.

काका म्हणजे मावशीचे यजमान. लिंबायतला लूमवर होते. त्यांच्या पाठीवर एकदा गळू आलं. कारखान्यातला उकाडा, घाम, सगळ्यांनाच घामोळं येतं, असं मावशीला वाटलं. तिनं हळदीचं पोटीस बांधलं आणि काका कामावर जात राहिले. ती काळपुळी होती. रक्तात साखर भयंकर वाढलेली, आणि ती कुणाला माहीतच नव्हती. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मावशी त्याबद्दल कधी बोलली नाही. पण तेव्हापासून ती लोकांची अंगं वाचायला लागली. ज्या बाईला आपल्या माणसाची एक पुळी वाचता आली नाही, ती आता साऱ्या गावाची एकही पुळी सोडायला तयार नव्हती. अशा बाईला जाऊन सांगायचं की पोरीच्या कपाळावर आलेलं तुझ्याच हातानं आलंय? माझी जीभ रेटेना, बायकोची तर नाहीच.

आम्ही रविवारी काहीतरी थाप मारायचं ठरवलं. पण मावशी वाटी आणि पट्टी घेऊन आली आणि सोनलच्या तोंडून निघून गेलं. पोरगी घाबरली की गुजरातीत बोलते. "आजी, डॉक्टरे तेल बंध करवानुं कह्युं छे. आ पट्टीथीज थाय छे." या पट्टीनंच होतंय म्हणे. मावशीनं तिच्या कपाळाकडे पाहिलं. मग हातातल्या पट्टीकडे पाहिलं. पट्टीची नीट घडी घातली, वाटीवर झाकण ठेवलं आणि निघून गेली.

सोनलचं कपाळ हळूहळू निवळलं, शेठनं तिला परत फोनसमोर उभं केलं. आणि इकडे शनिवारचा वास बंद झाला. मावशी आता सगळ्यांच्या डोळ्यांकडे बघून बोलायला लागली, त्यानं लोक जास्तच गोंधळले. गुजराती बेन मुद्दाम गालावरची पुळी दाखवायला गेली तर मावशी म्हणाली, डॉक्टरला दाखव. कुणाचं पोट साफ होतं की नाही याची गल्लीत कुणालाच फिकीर उरली नाही. मी इतकी वर्षं जिच्या शास्त्राची टर उडवली, तिनं ते सोडल्यावर मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. हे का व्हावं, मला अजून नीट सांगता येत नाही.

त्याच सुमाराला माझ्या मानेवर एक फोड आला. ठणकायचा. मी बायकोला दाखवला नाही, डॉक्टरकडे गेलो नाही, सरळ मावशीच्या खोलीवर गेलो. ती साडीच्या लेसचे धागे कापत बसली होती. मला बघून तिनं पदर पुढे ओढला. मी तिच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसलो आणि कॉलर खाली केली.

मागून कात्री खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मले काही समजस नही, जवाईबापू. पन साखर तपासी ल्या." मला काही समजत नाही म्हणणारी मावशी मी तोवर ऐकली नव्हती, आणि खरं सांगतो, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये गेलो तर मावशी माझ्या आधीच तिथे बाकावर बसलेली. घरी जा म्हटलं तर हलेना. रक्त देऊन झालं, रिपोर्ट मिळेपर्यंत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. आयुष्यभर ज्याची त्याची लक्षणं सांगणाऱ्या त्या बाईच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. रिपोर्ट आला. साखर अगदी बेताची. डॉक्टरनं फोड पाहिला आणि म्हणाला, कॉलर घासते आणि घाम, बाकी काही नाही.

मावशीनं मला पुन्हा विचारलं, काही नाही ना? मी म्हणालो, काही नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं. "चुकनू मी," ती म्हणाली. "बरं व्हयनं. चुकनू." आणि हसली. मग तिथून खाली उतरल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीपाशी थांबली आणि स्वतःच्या तोंडानं माझ्यासाठी लोचो मागवला, वरून तेल आणि शेव जास्त घालायला सांगून. तो लोचो खाताना माझ्या टाळक्यात पहिल्यांदा उजेड पडला. आम्हाला वाटायचं, तिला आपलं खरं ठरावं अशी हौस आहे. ती बाई दर वेळी आपलं चुकावं म्हणून वाचत होती.

पुढच्या शनिवारी वास सुटला. रविवारी पोरी ओट्यावर आल्या. आता तेल फक्त केसांना लागतं, कपाळ कोरडं, दोन तासांनी धुवायचं, आणि पट्टी सुती, माझ्या जुन्या धोतराची. सोनलही बसते. त्या रविवारी पोरी उठून गेल्यावर मावशीनं पाट पुढे सरकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, बसा. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, मावशी, मी जावई. तिनं पदर आणखी खाली ओढला, पण वाटी खाली ठेवली नाही. मी म्हणालो, आणि केस तरी कुठे आहेत आता?

"डोकं ते से ना," ती म्हणाली.

मी पाटावर बसलो. तेल कोमट होतं. तिचा हात माझ्या टाळूवर आला, जरा थबकला, आणि मग सावकाश फिरू लागला. मी मान खाली घातली, म्हणजे तिला मानेवरची खपली नीट दिसावी.