दोन्ही बाजूंची पायरी

बायकोने गुडघा दुखतो म्हणून सांगितलं, तिथेच मला संशय आला.

बत्तीस वर्षांच्या संसारात या बाईने स्वतःचं काही दुखतंय असं कधी सांगितलेलं नाही. दोन बाळंतपणं झाली, ऐन लावणीत ताप अंगावर काढला, पण तोंडातून अवाक्षर नाही. तीच बाई गेल्या भाद्रपदात लागोपाठ तीन दिवस माझ्यापुढे ताट ठेवून सांगत होती, की गाडीत चढताना पाय वर पोचत नाही, गुडघ्यात कळ येते, गाडीला पायरी बसवा. पहिल्या दिवशी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी हूं केलं. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

गाडी म्हणजे माझी चार दरवाज्यांची पिकअप. पुढे माणसं, मागे हौद्यात तांदळाची पोती. कर्जतच्या आजूबाजूला जे फार्महाऊसवाले आहेत त्यांना मी घरचा तांदूळ पोचवतो. त्यांचे बंगले चकाचक, पण तिथवर जाणारे रस्ते म्हणजे नुसते दगड आणि ओहोळ, म्हणून उंच गाडी घेतली. माझं वय त्रेसष्ट. त्या गाडीची चावी कमरेला आहे तोवर मी कुणाचा मिंधा नाही. ती गेली की मी ओटीवर बसून येणाराजाणारा मोजणारा म्हातारा, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि चावी जाणार अशी चिन्हं दिसत होती. मुलगा रसायनीला कंपनीत आहे. गेलं वर्षभर त्याचं एकच पालुपद, बाबा आता मोठी गाडी नको, इकून टाकू, छोटी घेऊ. मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायचो. त्यात श्रावणात एक प्रकार घडला. कर्जतला भातगिरणीवर गाडीतून उतरताना डावा पाय सटकला आणि मी कुशीवर आपटलो. गिरणीवाल्याने उठवलं, पाणी दिलं. मी त्याला शपथ घातली की घरी कळता कामा नये. घरी सांगितलं, बांधावर घसरलो. त्या दिवसापासून डावी कंबर ठणकत होती आणि मी हसतमुखाने फिरत होतो.

माझा स्वभाव संशयी आहे हे मला मान्य आहे. पण आमच्या तालुक्यात राहून भोळं राहून दाखवा. इथे हसून बोलणारा, पांढऱ्या बुटातला माणूस दारात आला की आम्ही आधी सातबारा कपाटात ठेवतो आणि मग पाणी विचारतो. जमिनीच्या दलालांनी आमच्या दोन पिढ्यांना हे शिक्षण फुकट दिलेलं आहे. ते घरच्या माणसांवर वापरायचं नसतं, एवढं मात्र कुणी शिकवलं नाही.

तर बायको पायरी मागते आहे, आणि चौथ्या दिवशी बघतो तर मुलगा अंगणात उकिडवा बसून गाडीच्या पोटाखालचे फोटो काढतोय. मी विचारलं, कशाला रं? तर म्हणे असंच. झालं. असंच कुणी गाडीच्या पोटाचे फोटो काढतं का? मी हिशेब जुळवला. बैल बाजारात न्यायच्या आधी त्याची शिंगं रंगवतात, तसं यांचं चाललंय. पायरी लावायची, गाडी नटवायची, फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचे आणि एक दिवस चावी मागायची. त्यात मायलेक एक झाले आहेत. मला फार राग आला, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं.

पण बायकोचा गुडघा खरंच दुखत असेल तर? तिला नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. साधी पायरी, म्हणजे दोन्हीकडे पाइप असतो ती, मी पूर्वी एकदा लावली होती. महिन्याभरात शेताच्या बांधावर घासून ती दुमडली. मुलगा म्हणाला, आता दरवाजा उघडला की आपोआप बाहेर येणारी आणि बंद केला की पोटाखाली जाणारी पायरी मिळते, मोटरवर चालते. इतकी माहिती याच्याकडे आधीपासून कशी, हेही मी मनात टिपून ठेवलं.

पहिलं दुकान कर्जतचं. दुकानदाराने भाव सांगायच्या आधी चहा पाजला, तेव्हाच मी सावध झालो. मोबाईलवर पिक्चर दाखवला. त्यात गोरीपान बाई उंच टाचांच्या चपला घालून त्या पायरीवर चढत होती. मी विचारलं, चिखलात चालते का? म्हणाला, काका, सगळ्यात चालते. सगळ्यात चालणारी वस्तू मी आजवर पाहिलेली नाही. चहा संपवला आणि उठलो.

दुसरं दुकान खालापूरला, हायवेच्या कडेला. तिथे मी तयारीनिशी गेलो. हौद्यात आमच्या खाचरातला चिखल बादलीभर, तांदळाचं एक पोतं आणि पिशवीत एक जाडजूड काकडी. बायको शेजारी. तिला चढवताना मी कोपराला धरलं, तर ती आई गं म्हणून कण्हली. कण्हणं जरा मोजूनमापून केल्यासारखं वाटलं.

हा दुकानदार आंबट चेहऱ्याचा होता. हसला नाही, चहा विचारला नाही. मला माणूस आवडला. त्याच्या स्वतःच्या गाडीला ती पायरी लावलेली होती. मी विचारलं, चिखल लावून बघू का? त्याने माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि लावा म्हणाला. मी बिजागरीत हाताने चिखल भरला, चांगला दाबून, भाताच्या मुळ्यांसकट. दरवाजा लावला. मोटर जरा कुरकुरली, पण पायरी आत गेली. उघडला, बाहेर आली. असं सहा वेळा. मग तिच्यावर पोतं ठेवलं, पोत्याशेजारी दुकानाच्या फिटरला उभं केलं, तरी हलली नाही. शेवटी पायरी आणि गाडीच्या फटीत काकडी धरून दरवाजा लावला. चढणाऱ्याचा पाय अडकला तर काय, हे बघायचं होतं. पायरी वर आली, काकडीला टेकली आणि लगेच मागे फिरली. काकडीला ओरखडासुद्धा नाही. फिटरने ती पुसून मोडली आणि आम्हा सगळ्यांना वाटली.

दुकानदार म्हणाला, पावसाळ्यात दर दोन दिवसांनी पाण्याचा फवारा मारायचा, नाहीतर बिजागरी धरणार, आणि चिखलाने धरली तर माझ्याकडे भांडायला यायचं नाही. त्या दिवसातलं हे पहिलं वाक्य, ज्यावर माझा विश्वास बसला. मी म्हटलं, बसवा. पण फक्त डावीकडे. गुडघा बायकोचा दुखतोय, ती डावीकडे बसते. माझे पाय खणखणीत आहेत. तो एकाच बाजूची बसवून द्यायला तयारही झाला.

तेव्हा बायको पुढे आली. "नाय. दोनी बाजूंना लावा."

मी विचारलं, माझ्या बाजूचं तुला काय करायचंय? तर म्हणे, एकाच बाजूला लावली तर गाडी लंगडी दिसंल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी दिसते कशी हे कोण बघतं? विकत घेणारा बघतो. तरी चारचौघांत तमाशा नको म्हणून हो म्हणालो.

त्या दिवसापासून मी एक हट्ट धरला. माझ्या बाजूचा दरवाजा उघडला की पायरी आज्ञाधारकपणे बाहेर यायची, आणि मी तिच्यावरून टांग टाकून, स्टिअरिंगला लटकून वर चढायचो. तिला पाय लावायचा नाही म्हणजे नाही. कंबरेतून अशी सणक जायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण चेहरा खणखणीत. बायको तिच्या बाजूने पायरीवरून सावकाश चढायची आणि समोरच्या काचेतून बाहेर बघत बसायची.

मग दसरा आला. सकाळी गाडी धुतली. बायकोने बॉनेटला झेंडूचा हार घातला, आरशाला नव्या भाताच्या लोंब्या बांधल्या. मग मला म्हणाली, पायऱ्यांची पन पूजा करते, दरवाजे उघडे ठेवा. आमच्याकडे गाडीत चढताना आधी पायरीला हात लावून तो कपाळाला लावतात आणि मग पाय ठेवतात. जिच्यावर पोट चालतं तिला पाय लावायचा तर आधी विचारून. त्यामुळे पायरीची पूजा यात मला काही वावगं वाटलं नाही. मी ओटीवर बसून बघत होतो.

ती डावीकडच्या पायरीपुढे उकिडवी बसली. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली. उठली, वळसा घालून माझ्या बाजूला आली, पुन्हा तशीच उकिडवी बसली. इथे तिने जास्त वेळ घेतला. बोटाने स्वस्तिक काढलं, चुकलं म्हणून पुसलं, पुन्हा काढलं. चांगली दहा मिनिटं. आणि मग उठली ती एका झटक्यात. गुडघ्यावर हात नाही, दरवाज्याचा आधार नाही, आई गं नाही.

सापडली, असं माझ्या मनात आलं. मी ओटीवरून उतरून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"गुडघा बरा झाला वाटतं," मी म्हटलं.

"माजा गुडघा कधी दुखला?" ती पदराला हात पुसत म्हणाली.

मी गाडी विकण्याचं, फोटोंचं, मायलेकांच्या कारस्थानाचं सगळं एका दमात ओकून टाकणार होतो. पण तिने मला तोंड उघडू दिलं नाही. तिने सांगितलं, गिरणीवर मी पडलो त्याच दुपारी गिरणीवाल्याचा फोन आला होता. मुलाने तेव्हाच गाडीला नेरळचं एक गिऱ्हाईक बघितलं होतं. हिने त्याला अडवलं, की आधी पायरी लावून बघू. ते फोटो खालापूरच्या दुकानदाराला पाठवायचे होते, कोणती पायरी बसेल ते विचारायला.

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुमी बोललात?"

ती कुंकवाचा करंडा बंद करत होती. माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाली, "तुमच्यासाठी पायरी मागितली असती तर तुमी ती मोडून टाकली असती. माज्यासाठी मागितली तर बादलीभर चिखल घेऊन खालापूरला गेलात."

एवढं बोलून ती तिच्या बाजूला गेली, वाकून पायरीला हात लावला, कपाळाला लावला आणि चढून बसली. आपट्याची पानं वाटायला माझ्या बहिणीकडे जायचं होतं. मी माझ्या बाजूला उभा. दरवाजा उघडा, पायरी बाहेर, तिच्यावर तिने दोनदा काढलेलं स्वस्तिक. लाज वाटली. आधी स्वतःची, मग त्या सगळ्या दिवसांची, ज्यांत मी घरातल्या माणसांकडे दलालांकडे बघावं तसं बघत होतो.

मी वाकलो. कंबरेतून सणक गेली, आणि या वेळी मी आई गं म्हटलं, मोठ्याने. पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि स्वस्तिकाच्या कडेला, जपून, डावा पाय ठेवला. आत बसेपर्यंत ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. मग तिने माझी चावी, जी मी सकाळी गाडी धुताना ओटीवर काढून विसरलो होतो, पदराच्या गाठीतून सोडून माझ्या हातात दिली.