दोघांचं वजन

"ट्रेनर घरी येणार म्हणजे त्याला रोज चहा करावा लागेल का?" सुलाबाईंनी फोनवर विचारलं.

पलीकडे पुण्यात वेदिका हसत सुटली. "आई, ट्रेनर म्हणजे माणूस नाही गं. यंत्र आहे. सायकल त्याच्यावर चढवायची आणि घरातल्या घरात चालवायची. स्मार्ट असतो तो. चढ आला की आपोआप जड होतो."

"आपल्या हॉलमध्ये कुठला चढ यायचा?"

निवृत्ती बोडके खुर्चीत बसून मायलेकींचं बोलणं ऐकत होते. ऐकणं हीच त्यांची नोकरी होती. चार वर्षांचे असताना सिन्नरकडच्या गावात देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. पुढे अंधशाळा, आणि मग नाशिकच्या एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. नावावरून कचेरीत सगळे विनोद करून दमले होते. शेवटच्या दिवशी साहेब म्हणाले, "आज निवृत्ती निवृत्त होतोय," आणि कुणीच हसलं नाही, कारण ते वाक्य प्रत्येकाने आधी मनात म्हणून ठेवलं होतं.

साखर वाढली होती. पावलांना मुंग्या येत होत्या. डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं सायकलने तुम्हाला सांभाळलं. ती बंद झाली म्हणून हे."

सायकल बंद झाली होती कारण पुंजाराम बंद झाला होता.

पुंजाराम म्हणजे चांदवडचा, एसटीचा ड्रायव्हर. निवृत्ती सिन्नरहून रोज नाशिकला कामाला यायचे तेव्हा सकाळची गाडी त्याची असायची. निवृत्ती ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसत. एकदा चढावर म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तिसऱ्यावर घ्या, गाडी रडतेय." पुंजाराम म्हणाला, "आंधळं दिसतंय, पण लय आगाऊ हाय." मैत्री तिथून सुरू झाली. पुढे दोघेही नाशिकच्या सिडकोत राहायला आले, आणि पुंजारामने अंबडच्या एका वेल्डरकडून दोन जुन्या सायकली कापून एक लांब सायकल करून घेतली. पुढे तो, मागे निवृत्ती. बावीस वर्षं, दर रविवारी, नाशिक ते त्र्यंबक आणि परत.

त्या सायकलला घंटी मागे होती. पुंजारामचाच हट्ट. "ड्रायव्हर पुढं आन् कंडक्टर मागं. एक बेल थांबायची, दोन बेल निघायची. तू डबल मारल्याशिवाय माझी गाडी हलायची नाय." त्यामुळे दर रविवारी पहाटे, रस्ता न दिसणाऱ्या माणसाने निघायचा हुकूम दिल्यावरच सायकल निघत असे. वाटेत लोक ओरडायचे, "काय पुंजारामभाऊ, मागे लगेज काय?" आणि पुंजाराम ओरडायचा, "हाफ तिकीट!"

गेल्या पावसाळ्यानंतर पुंजारामला छातीत कळ आली. हृदयाची झडप नव्हे, रक्ताची नळी तुंबली होती. तिच्यात जाळी बसवली. घरी चक्कर आली ती वेगळीच. डॉक्टरांनी रस्ता बंद केला. पुढचा माणूस पडला तर मागच्याचं काय, हा प्रश्न कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पुंजाराम तेवढंच म्हणाला, "तीन महिने थांब. दुसरा ड्रायव्हर बघू नको." निवृत्ती हो म्हणाले होते. त्याला आता पाच महिने झाले होते.

हे यंत्र म्हणजे दुसरा ड्रायव्हर होता का? निवृत्तींना ठरवता येईना. घेतलं तर पुंजारामला न बोलता सांगितल्यासारखं होतं, की तुझ्यावाचून माझं भागलं. न घ्यावं तर पाय रोज थोडे थोडे परके होत होते.

*

गंगापूर रोडवरच्या सायकलच्या दुकानात रबराचा आणि नव्या खोक्यांचा वास होता. सुयश नावाचा तिशीतला विक्रेता होता. आवाज उत्साही, पण समोरचा आंधळा आहे हे कळल्यावर त्याच्या वाक्यांची गाडी वारंवार खड्ड्यात जात होती.

"काका, हे बघा... म्हणजे हे, इथे हात लावा. हा एक प्रकार. मागचं चाक काढून टाकायचं आणि सायकल सरळ यंत्रालाच जोडायची. दुसरा प्रकार, चाक तसंच राहतं, टायर खालच्या रोलरला टेकतं. पहिला चांगला. अजिबात आवाज नाही."

"आवाज नाही?"

"शून्य. शेजाऱ्यांनाही कळत नाही."

"मग मला कसं कळणार?"

सुलाबाई म्हणाल्या, "अहो, त्यांना काय माहीत. तुम्ही आवाजावर चालता, हे सांगा ना आधी."

"समोर स्क्रीन असते," सुयश म्हणाला, आणि म्हणाल्यावर स्वतःच गडबडला. "म्हणजे... स्क्रीन नसली तरी चालतं, काका."

चाक नसलेली सायकल, आवाज नसलेला रस्ता, न बघता चालणारी स्क्रीन. निवृत्तींनी यंत्रावरून हात फिरवला. थंड, जड, पाय पसरून बसलेल्या प्राण्यासारखं. त्याला नाक-तोंड कुठे होतं ते सापडेना. आजवर प्रत्येक वस्तूने त्यांच्या हाताला आपलं काम सांगितलं होतं. याने काहीच सांगितलं नाही.

"यात काय बसवता येतं? कुठला रस्ता?"

"कुठलाही. स्वित्झर्लंड लावू?"

"त्र्यंबक लावा."

सुयशला हायसं वाटलं. त्र्यंबकचा रस्ता आपले सगळेच सायकलवाले करतात, तो नोंदलेला आहे, मीटर न मीटर, असं तो म्हणाला. निवृत्तींना दुकानातल्या सायकलवर बसवलं. वजन विचारलं. बासष्ट. सुयशने मोबाइलवर काहीतरी दाबलं. "तळेगावपासून सुरू करतो. अंजनेरीचा चढ येईल."

निवृत्तींनी पायडल मारलं.

तो रस्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण मांड्यांना तो पाठ होता. सातपूरचा तेलकट वास संपला की गार हवा, महिरावणीला कुत्री, आणि तळेगाव सोडलं की पायाखाली कुणीतरी हळूच दार लोटून घेतल्यासारखा चढ. तो आता येणार म्हणून त्यांनी दात आवळले. चढ आला. आला आणि फारसं काहीच झालं नाही. पाय फिरतच राहिले.

"हा त्र्यंबकचा रस्ता नाही."

"तोच आहे काका."

"इतका सोपा नाही तो."

"यंत्र खोटं बोलत नाही. तुमचं वजन टाकलंय, तेवढ्याच हिशोबाने ते जड होतं."

"माझ्या एकट्याचं वजन?"

"एकट्याचंच ना. बसलाय कोण दुसरं?"

निवृत्तींनी पाय थांबवले. मग म्हणाले, "एकशे चाळीस टाका."

"काका, तुमचं वजन एकशे चाळीस..."

"टाका तुम्ही."

पुंजाराम अठ्ठ्याहत्तर. सुयशने आकडा बदलला, चढ पुन्हा सुरू केला. आणि दहा-बारा फेऱ्यांत निवृत्तींचे गुडघे त्या दुकानातून निघून अंजनेरीला पोचले. हाच. हाच तो जोर, हीच डाव्या गुडघ्याची कळ, हाच दम. शेवटच्या वर्षभराचा रविवार जसाच्या तसा पायांत उभा राहिला.

फक्त या सायकलवर बसलेला माणूस एकच होता.

लांब सायकलचे पुढचे आणि मागचे पायडल एकाच साखळीने बांधलेले असतात. एक फिरला की दुसरा फिरतोच. जोर कोण लावतंय आणि कोण नुसते पाय ठेवून बसलंय, ते बाहेरून दिसत नाही. दिसलं असतं तरी निवृत्तींना दिसलं नसतं. गेल्या वर्षी चढ लांबला होता, हे त्यांना जाणवलं होतं. त्यांनी विचारलंही होतं. पुंजाराम कधी म्हणाला, वारा समोरून आहे. कधी म्हणाला, टायरमध्ये हवा कमी. आणि एकदा म्हणाला, "डांबर नवीन हे. चिकटतं."

त्यांनी विश्वास ठेवला होता. पुढच्याने जे सांगितलं तोच त्यांचा रस्ता होता.

"काका, मग कुठला देऊ?" सुयशने विचारलं.

"कळत नाही," निवृत्ती म्हणाले, आणि ते खरंच होतं.

*

घरी येताना रिक्षात ते गुडघे चोळत राहिले. राग आला असावा असं त्यांना वाटलं. पण राग हाताशी धरायला गेलं की त्याच्या जागी दुसरंच काहीतरी हाताला लागे, आणि ते सुख असल्याचा संशय येई. बावीस वर्षं ते स्वतःला ओझं समजत आले होते. हाफ तिकीट. आणि शेवटचं वर्षभर त्या हाफ तिकिटाने ड्रायव्हरला ओढत नेलं होतं. याचा आनंद मानावा, तर त्याच वेळी पुढच्या सीटवर एक हृदय गुदमरत होतं. कुठल्या गोष्टीला कुठे ठेवायचं, ते त्यांना उमगेना. जेवताना त्यांनी भाकरी समजून रिकाम्या ताटालाच दोनदा हात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातूनच आवाज आला. "काय रे लगेज, नवीन ड्रायव्हर बघून आलास म्हणे!"

सुलाबाईंनी फोन केला होता, हे उघड होतं. त्या चहा ठेवायला आत सटकल्या.

पुंजाराम बसला. जिना चढल्यामुळे त्याचा श्वास वाजत होता. तो श्वास शांत होईपर्यंत निवृत्ती थांबले.

"पुंजा, किती दिवस तुझे पाय नुसतेच फिरत होते?"

पुंजारामच्या खुर्चीचा बारीकसा आवाज झाला.

"कोणी सांगितलं?"

"यंत्राने."

"लय चोंबडं हे."

"किती दिवस?"

"दिवाळीपासून. ह्या नाय, त्याच्या आधीच्या."

"आणि ते डांबर?"

"डांबर चांगलं होतं," पुंजाराम म्हणाला.

आतून सुलाबाईंचं हसू फुटलं आणि पदरात दाबलं गेलं. निवृत्ती हसले नाहीत.

"मला सांगता आलं नाही तुला? मी तुझ्या डोळ्यांवर जातो, आणि तू मला वारा सांगतोस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतं?"

"थांबलो असतो."

"हां. बेल मारली असतीस. एक." पुंजाराम म्हणाला. "मला ती एक बेल ऐकायची नव्हती, निवृत्ती. तीस वर्षं ऐकल्या तेवढ्या लय झाल्या."

चहा आला. दोघांनी तो बशीत ओतून प्यायला.

"घे तू यंत्र," पुंजाराम म्हणाला. "एकट्याचं घे. ते बिनआवाजी म्हणत्यात ते. माझं काय खरं नाय. डॉक्टर म्हणतो, जोर न लावता पाय हलव. जोर न लावता कुठं जाता येतं?"

निवृत्तींनी कप खाली ठेवला. मोबाइल चाचपून काढला आणि दुकानात फोन लावला.

"सुयश, बोडके बोलतोय. दोन सीटची सायकल कशावर बसेल?"

"काका, असं आजपर्यंत कुणी... चाक काढायच्या प्रकारावर तशी लांब सायकल बसणार नाही. रोलरवाल्यातला एक मजबूत आहे. सायकल आणून बघावी लागेल, पुढचं सीट खूप पुढे जाईल. आणि तो आवाज करतो."

"करू द्या," निवृत्ती म्हणाले.

*

तरीही पंधरा दिवस गेले. चाकाच्या आसाला लांब नट लागला, तो अंबडच्याच वेल्डरने करून दिला. सोफा गॅलरीत गेला. मागचं चाक यंत्रावर उचललं गेल्याने सायकल पुढे झुकू लागली, तेव्हा सुलाबाईंनी माळ्यावरून दोन जाड टेलिफोन डिरेक्टऱ्या काढून पुढच्या चाकाखाली सरकवल्या. "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा उपयोगी पडल्या," त्या म्हणाल्या.

वेदिकाने पुण्याहून फोनवर सांगत मोबाइल यंत्राला जोडून दिला. "पप्पा, वजन किती टाकू?"

"एकशे चाळीस."

"गाढवा," पुंजाराम म्हणाला, "तुझ्या गुडघ्याची वाट लागंल. बासष्ट टाक पोरी."

"एकशे चाळीस," निवृत्ती म्हणाले. "त्र्यंबकला जायचंय ना? मग दोघं जातोय."

मग बसायची वेळ आली, आणि दोघेही सायकलशेजारी उभे राहिले. पुंजारामने सवयीने पुढचं हँडल धरलं होतं.

"भाऊजी, समोर भिंत आहे," सुलाबाई म्हणाल्या. "बघायचंय काय तुम्हाला?"

मग पुंजारामने हँडल सोडलं. "बरोबर हे. बस रे पुढं. आज मी कंडक्टर."

निवृत्ती पुढच्या सीटवर चढले. हातांत ब्रेक आले. ते कधी दाबायचे असतात हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटं ताठ धरली. चेहऱ्यासमोर, जिथे बावीस वर्षं पुंजारामची पाठ होती, तिथे आता काहीच नव्हतं. एवढी मोकळी जागा आपल्या तोंडासमोर त्यांनी कधी अनुभवली नव्हती. तिचं काय करायचं असतं?

मागे सीट करकरलं. घंटी वाजली. एक.

निवृत्तींचा पाय पायडलवर तसाच राहिला. एक म्हणजे थांबायचं.

"पुंजा?"

"थांब ना. जन्मभर ऐकली, मारली कधी नाय. बोट घसरलं."

दुसरी वाजली.

रोलर घुरघुरला. पायांत तळेगाव आलं, आणि मग दार लोटल्यासारखा तो चढ. निवृत्तींनी दात आवळले. पण चढ असावा तेवढा जड लागेना. कुठेतरी, अगदी थोडा, कुणीतरी हात लावल्यासारखा हलका होता. यंत्राची चूक, की मागून पाय लागत होता, त्यांना सांगता येईना.

"पुंजा, जोर लावू नकोस."

"कोण लावतंय?"

"मग हलकं का जातंय?"

मागून धापेसकट हसू आलं.

"डांबर जुनं हे," पुंजाराम म्हणाला. "गुळगुळीत झालंय."