हलू नका, मास्तर

गळ्यावर वस्तरा असताना बोलायचं नाही, हा त्या न्हाव्याच्या बापाचा नियम. चर्चमध्ये मात्र न्हाव्याच्या प्रार्थनेनं दगडालाही पाझर फुटायचा. पाळक म्हणायचे, "देवाची देणगी आहे ही, दुकानातही वापर." तो म्हणायचा, "वेळ येऊ द्या."

वेळ आली. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक असलेले मास्तर खुर्चीत मान टाकून म्हणाले, "डॉक्टरांनी हात टेकले रे. तुझा येशू माझ्यासारख्याला जवळ करील?"

"हलू नका, मास्तर. पुढच्या शनिवारी निवांत सांगतो." वस्तरा पुसून झाला तरी त्याची जीभ रेटली नाही.

शनिवारी मास्तरांच्या बायकोनं त्याला घरी बोलावलं, शेवटची दाढी करायला. थंड गळ्यावर वस्तरा फिरवताना बापाचा नियम पहिल्यांदाच मोडला. "करील, मास्तर, नक्की करील," तो सांगत राहिला.

मास्तर जराही हलले नाहीत.